प्रयोगशाळेतले बियाणे कोरडवाहू शेतात कधी पोहोचणार?

बाबासाहेबांनी पदव्या भिंतीवर टांगण्यासाठी मिळविल्या नाहीत. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लेखन केले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला आणि हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना तोच अभ्यास त्यांनी कामी आणला. विद्या लोकांच्या उपयोगी पडली पाहिजे, हा निकष आम्ही त्यांच्याकडूनच घेतला. तोच निकष आम्ही नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेला लावतो.

१९७६ साली जनतेच्या पैशातून ही संस्था उभी राहिली. २००२ मध्ये देशात बीटी कापूस आला तो मात्र खासगी कंपन्यांचा, तोही संकरित. संकरित वाणाची घरची सरकी पेरली तर तसे पीक येत नाही. म्हणजे दरवर्षी दुकान गाठणे आले. सुरुवातीला ४५० ग्रॅमचे पाकीट सोळाशे रुपयांच्या आसपास होते. दोन-तीन एकर कोरडवाहू जमिनीच्या धन्याने सावकाराकडे जाऊ नये तर काय करावे?

याचे उत्तर नागपूरच्या या संस्थेने आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाने शोधले होते. 'बिकानेरी नरमा बीटी' हा सरळ वाण. त्याची सरकी राखून पुढच्या हंगामात पेरता येत होती. सरकी राखण्याचा हा हक्क २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिलेलाच आहे. २००८ मध्ये वाणाला मंजुरी मिळाली, २००९ मध्ये तो शेतकऱ्यांपर्यंत गेला आणि लगेच मागेही घेतला गेला. त्यात खासगी कंपनीचे जनुक आढळले होते. पुढे सोपोरी समितीच्या २०१२ च्या अहवालानेही भेसळ मान्य केली.

चूक प्रयोगशाळेत झाली, शिक्षा कोणाला? संस्था उभी राहिली, अहवाल कपाटात गेला. गरीब शेतकरी मात्र पुन्हा दुकानाच्या दारात उभा राहिला. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातला बीटी कापूस पोखरला, तेव्हाही नुकसान त्याच्याच पदरी आले.

म्हणून आमची मागणी साधी आहे. सार्वजनिक संस्थांच्या वाणांची शुद्धता बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून निकाल मराठीत जाहीर करा. महाबीजमार्फत सरळ वाणांचे बियाणे मुबलक तयार करा आणि अल्पभूधारकाला ते आधी द्या.

आणि आमच्या तरुणांनो, केवळ कारकुनीच्या जागेकडे डोळे लावून बसू नका. कृषी विद्यापीठांत, प्रयोगशाळांत शिरा. तिथे आपली माणसे नसतील, तर आपल्या शेताचा प्रश्न तिथे कोण मांडणार?