तारेचे वेटोळे

रब्बीच्या हंगामात वाशीम जिल्ह्यातील खेड्यांत एक वाक्य हमखास कानी पडते : "मोटार जळाली!" विहिरीत पाणी असते, गहू ओंबीवर आलेला असतो, पण पंप चालत नाही. मोटारीचे लोखंडी कवच तर जसेच्या तसे दिसते. मग जळले ते काय? जळते ते आतील तारेचे वेटोळे.

मुलांनो, पूर्वी विहिरीवर मोट चाले, तेव्हा तिचा लांबच लांब नाडा काम संपल्यावर वेटोळे करून खुंटीला अडकवीत. थोड्या जागेत पुष्कळ लांबी सामावणे, हा वेटोळ्याचा गुण. यंत्रविद्येने या साध्या गुणाचा नाना परींनी उपयोग करून घेतला आहे.

विजेची शेगडी पाहा. तिच्या खाचांत बसविलेली तार निकेल व क्रोमियम या धातूंच्या मिश्रणाची असते. ती विजेच्या प्रवाहाला मोठा अडथळा करते, म्हणून तापून लाल होते. ती सरळ पसरली, तर स्वयंपाकघराबाहेर जाईल!

फ्रिजमध्ये वेटोळे असते ते पोकळ नळीचे. आतील नळीत एका द्रवाची वाफ होते व ती होताना भोवतीची उष्णता शोषून घेते. माठाच्या अंगावरील ओल सुकताना पाणी गार होते, तसाच हा प्रकार. पुढे हीच वाफ बाहेरच्या नळीत दाबाखाली पुन्हा द्रव होते आणि घेतलेली उष्णता टाकून देते. म्हणून फ्रिजचे बाहेरचे अंग कोमट लागते.

मोटारीची गोष्ट याहून नवलाची आहे. तारेतून वीज वाहू लागली, की जवळची चुंबकसुई हलते, हे डेन्मार्कच्या ओरस्टेड या शास्त्रज्ञाने १८२० साली दाखवून दिले. एका तारेचे चुंबकत्व अगदी थोडे. परंतु तिचे वेढे एकावर एक घातले, की प्रत्येक वेढ्याचे बळ दुसऱ्यास मिळते. या बळानेच पंप फिरतो. वेढे एकमेकांस चिकटून असले, तरी विजेने आडवाट धरू नये म्हणून तांब्याच्या तारेवर रोगणाचा पातळ थर दिलेला असतो. साऱ्या मोटारीचे आयुष्य या थरावर अवलंबून!

गावातील पंप एकाच वेळी सुरू झाले, की विजेचा दाब उतरतो. तेवढेच पाणी उपसण्यासाठी मोटार मग अधिक प्रवाह ओढते. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. शेगडीत जी हवीहवीशी, तीच उष्णता येथे वैरीण ठरते. तीन तारांपैकी एकीची वीज गेली, तरी हीच गत; थांबलेली मोटार नुसती घूं घूं करते आणि तापत जाते. रोगण करपते, वेढे एकमेकांस भिडतात आणि धूर निघतो.

अशी मोटार तालुक्याच्या गावी न्यावी लागते. तेथील कारागीर जळलेली तार काढताना वेढे मोजून ठेवतो. एका खाचेत साठ असतील, तर साठच घालावयाचे. कमी पडले, तर मोटार अधिक प्रवाह ओढून पुन्हा जळते. अधिक झाले, तर तिचा जोर ओसरतो. कित्येक कारागिरांनी ही विद्या शाळेत नव्हे, उस्तादाशेजारी बसून मिळविलेली असते. नव्या वेढ्यांवर रोगण ओतून ते सुकवावे लागते, आणि या कामात घाई चालत नाही. शेतकरी मात्र दुकानाच्या पायरीवर बसून राहतो; कारण पाण्याची ही पाळी चुकली, तर ओंबीतला दाणा भरत नाही.