सुईच्या क्षणी एक फुंकर

इस्पितळात लहान मुलाला सुई टोचण्याचा प्रसंग आला, की वडीलधाऱ्यांच्या हाती पूर्वापार दोनच इलाज असतात: एक तर ‘मुंगी चावेल, एवढंच’ असे सांगून त्याची समजूत घालणे, नाहीतर चौघांनी मिळून त्याचे हातपाय घट्ट धरून ठेवणे, आणि पहिल्या इलाजातील असत्य एकदा मुलाच्या ध्यानी आले, की पुढल्या खेपेस दुसऱ्यावाचून गत्यंतर उरत नाही. हे भय क्षुल्लक म्हणून सोडून देण्याजोगे नाही. टोरोंटो येथील 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 63 टक्के मुलांना आणि 24 टक्के पालकांना सुईची भीती वाटत असल्याचे आढळले, आणि त्यांपैकी काहींनी तर केवळ याच कारणास्तव लस टाळली होती.

अशा स्थितीत कॅनडातील कॅल्गरी येथील संशोधक तान्या बेरन यांनी जी तजवीज केली, तिचा तपशील मुळातून पाहण्यासारखा आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात इन्फ्लुएंझाची लस घेण्यास आलेली 4 ते 9 वर्षांची 57 मुले होती. काहींजवळ नेहमीप्रमाणे केवळ परिचारिका होती, तर काहींजवळ तिच्या जोडीला ‘नाओ’ हा फ्रान्समध्ये घडवलेला, सुमारे 58 सेंटिमीटर उंचीचा यंत्रमानव हजर होता. तो मुलाशी गप्पा मारी, टाळी मागे, आणि ऐन सुई टोचण्याच्या वेळी एका खेळण्यावरची धूळ फुंकून टाकायला सांगे. या साध्या मागणीत केवढे शहाणपण आहे! फुंकर घालायची तर आधी दीर्घ श्वास घ्यावा लागतो. तो सोडताना दंडाचा स्नायू सैल पडतो, आणि ताठरलेल्या स्नायूपेक्षा सैल स्नायूत सुई कमी दुखते. शिवाय ज्याच्यावर इतका वेळ सगळे जण काही ना काही करीत होते, ते मूल त्या क्षणी स्वतःच दुसऱ्याच्या कामाला आलेले असते. यंत्रमानवाच्या सोबतीतील मुलांची वेदना व तगमग, दोन्ही कमी भरली.

लक्ष दुसरीकडे वळल्याने वेदना का घटावी, याची उपपत्ती रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी 1965 सालीच मांडली होती: वेदनेच्या संदेशांना मज्जारज्जूत एक प्रकारचे द्वार ओलांडावे लागते, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेश ते द्वार अंशतः लोटून घेऊ शकतात.

तथापि प्रत्येक प्रयोगाची साक्ष सारखी नाही. एडमंटनच्या बाल-रुग्णालयात शिरेत सुई बसवून घेणाऱ्या 6 ते 11 वर्षांच्या 86 मुलांवर हाच यंत्रमानव आजमावला, तेव्हा त्यांची व्याकुळता काहीशी ओसरली; वेदनेच्या मोजमापात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. मला हा निकाल उणा वाटत नाही. वेदना क्षणात सरते. भय मात्र आदल्या रात्रीपासून मुलासोबत असते आणि पुढील प्रत्येक भेटीत नव्याने उभे राहते, म्हणून त्याला वेदनेइतक्याच काळजीने मोजले पाहिजे आणि त्यावर खर्चही केला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बॉस्टनच्या बाल-रुग्णालयात एमआयटीच्या सिंथिया ब्रिझील यांच्या चमूने ‘हगेबल’ नावाचे यंत्र-अस्वल मुलांच्या खाटेजवळ नेले. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 3 ते 10 वर्षांच्या 54 मुलांपैकी कोणाला ते अस्वल, कोणाला पडद्यावरील त्याचे चित्ररूप, तर कोणाला साधे कापडी अस्वल दिले होते. आणि यंत्र-अस्वलाच्या सहवासात मुलांची प्रसन्नता अधिक दिसली. त्या अस्वलाचे बोलणे-चालणे मात्र नजरेआड बसलेली एक व्यक्ती चालवीत होती, आणि मुलाच्या मनःस्थितीनुरूप धीराचा शब्दही तीच निवडत होती.

ही निवड यंत्राने स्वतः करावी, यासाठी कॅनडातील डॉक्टर व स्कॉटलंडमधील संगणकशास्त्रज्ञ एकत्र प्रयत्न करीत आहेत. काम बिकट आहे. कारण घाबरलेले मूल तोंड फिरवते, आईच्या कुशीत लपते, हुंदक्यांमधून अर्धवट बोलते, आणि नेमक्या त्याच घडीला यंत्राला ठरवावे लागते, की आता नाच करून दाखवावा, फुंकर घालायला सांगावे, की थोडा वेळ गप्प राहावे.