औषध दोघांनी घ्यायचे

घरात एका पोराला खरूज झाली तर शहाणी आई काय करते? सगळ्या घराला एकाच दिवशी मलम लावते. एकालाच लावले तर खरूज फिरून येते. परमा, गरमी हे गुप्तरोगही तसेच. ते शरीरसंबंधातून एकाचे दुसऱ्याला लागतात. म्हणून आम्ही सांगतो, दुखणे एकाला दिसले तरी औषध दोघांना हवे.

समजा, देहूचा एक कामगार तळवड्याच्या कारखान्यात जातो. त्याला लघवीला आग होऊ लागली, पू येऊ लागला. त्याने गुपचूप औषध घेतले. बरे वाटले. बायकोला काही बोलला नाही. पण रोग तिच्याही अंगात गेला होता. बाईला पुष्कळदा काहीच त्रास जाणवत नाही. महिन्याने त्याला पुन्हा तोच रोग! तो म्हणतो, "औषधच खोटे." औषध खोटे नव्हे, ते अर्धेच झाले.

आणि त्या बाईचे काय? रोग आत वाढला तर ओटीपोट दुखते, मूल राहत नाही. मग लोक तिलाच नावे ठेवतात. गरोदरपणी गरमी असली तर पोटातले मूलही दगावते.

जवळच भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायकांची १९९३ ते १९९६ या काळात तपासणी झाली. त्यांत ३९१ बाया वेश्याव्यवसाय न करणाऱ्या होत्या. त्यांच्यात शंभरी सुमारे चौदा जणींना एच.आय.व्ही. निघाला. ज्यांच्या जोडीदाराला गुप्तरोग होता, त्यांना धोका जास्त. घरात बसून रोग आला, यात त्यांचा काय दोष?

मग करायचे काय? मोठ्या सरकारी दवाखान्यात 'सुरक्षा क्लिनिक' असते. तिथे औषध फुकट मिळते. गोष्ट गुप्त राहते. जोडीदाराला त्रास नसला तरी बरोबर न्यावे. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. दोघांनी रक्त तपासून घ्यावे. औषध एकाच वेळी घ्यावे, पुरते घ्यावे. त्यानंतर सात दिवस संबंध टाळावा. पुढेही शंका असेल तर निरोध वापरावा.

घरी सांगायचे कसे? भांडण काढू नये. सरळ म्हणावे, "मला आजार निघाला आहे. डॉक्टरांनी दोघांना बोलावले आहे." जीभ रेटत नसेल तर तिथल्या समुपदेशकाला सांगा, ते मदत करतात. १०९७ या नंबरावर फुकट फोन करूनही विचारता येते.

लाज घडीभराची असते. लपवलेला रोग मात्र सगळ्या घराला भोगावा लागतो.