यंत्रांची ओळखपाळख (लेखांक ९) : निद्रेनंतरचा प्रश्न

आज दाखल्यांच्या (सर्टिफिकेटांच्या) साखळीचे विवरण करावयाचे कबूल केले होते. परंतु दुर्गच्या एका वाचकांनी असा रोकडा प्रश्न धाडला आहे, की तो डावलून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. सबब साखळीचे प्रकरण तहकूब. ते विचारतात : संगणक रात्री निजला, सकाळी उठला, मधल्या काळात कोणी कोठे गेले नाही, मग जोडलेल्या डिस्कला पुन्हा ‘तू कोण’ असे विचारण्याचा उपद्व्याप कशासाठी?

परंतु कोणी कोठे गेले नाही, हे संगणकाने जाणावे कसे? आमच्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात आठ तास राबणाऱ्याला आत पावलोपावली कोणी पास मागत नाही. तोच मनुष्य चहाकरिता पाच मिनिटे बोरिया गेटबाहेर पडला, तर परतताना त्याला पास दाखवावाच लागतो. मुद्दा किती वेळ गेला हा नसून पहाऱ्याची नजर सुटली की नाही, हा आहे. निद्रेतही यूएसबीच्या जोडणीला वीज मिळत राहिली, तर उपकरण उपटल्याची वर्दी मिळते. वीजच तुटली, तर पहारेकरीही निजला असे समजावे.

लिनक्सने येथे दीर्घकाळ सोयीचा मार्ग पत्करला. निद्रेत वीज गेली तरी, उठल्यावर त्याच जागी त्याच वर्णनाचे उपकरण दिसले, तर ते जुनेच मानून कारभार पुढे चालवावा, ही ती व्यवस्था. लिनक्सचे यूएसबी विकासक ॲलन स्टर्न यांनी २००६ साली तिचे टिपण लिहिताना धोकाही बिनदिक्कत नमूद केला : अनेक कारखानदार अनुक्रमांक घालीतच नाहीत, आणि कार्ड-रीडर तोच ठेवून आतील कार्ड बदलले, तर प्रणालीला कळण्याचा मार्ग नाही. मग जुन्या कार्डाच्या हिशेबाने नव्या कार्डावर लेखन होते आणि त्यातील मजकुराचा चुराडा उडतो. येथे चोराचीही गरज नाही. घरातील धांदरट मनुष्य पुरेसा आहे, आणि तो मान एकदा मीच मिळविला आहे.

वर्णन जुळणे म्हणजे ओळख पटणे नव्हे. परवलीचा शब्द रोज बदलावा, तसा उपकरणांची ओळख पटविण्याच्या एसपीडीएम या पद्धतीत यजमान संगणक दरवेळी नवा यादृच्छिक अंक पाठवितो आणि उपकरणाने आपल्या गुप्त किल्लीने त्यावर सही करून उत्तर द्यावयाचे असते. कालचे उत्तर आज चालत नाही.

निद्रेहून रीसेटचे प्रकरण अधिक नाजूक. अडकलेल्या उपकरणाला रीसेटचा हुकूम पुष्कळदा आपलाच ड्रायव्हर देतो, तेव्हा जोडणी क्षणभरही सुटलेली नसते. तरीही माझे मत पुन्हा विचारावे असेच आहे. कारण रीसेटनंतर उपकरण आपले फर्मवेअर नव्याने चढवू शकते, ते कालचेच असेल याची हमी नाही, आणि पूर्वी ठरलेली संभाषणाची किल्लीही त्याच्या स्मृतीतून पुसली गेलेली असू शकते.

खरी पंचाईत मात्र निराळीच आहे. सही तपासावयाची तर विश्वासू दाखले हाताशी हवेत, आणि ते ठेवलेले असतात डिस्कवर. तीच डिस्क झोपेतून उठून दाराशी उभी असेल, तर तिच्याच पेटीतील कागद काढून तिची तपासणी करावयाची काय? म्हणून ते दाखले आणि तपासणीची सामग्री निजण्यापूर्वीच स्मृतीत आणून ठेवावी लागते. त्या दाखल्यांवर शिक्का कोणाचा, हे साखळीच्या प्रकरणात पाहू. ते पुढील आठवड्यात.