वजनाचे इंजेक्शन आणि रुसलेली पाळी

उन्हाळ्यात वैरण संपली आणि गाय खंगली, की ती माजावर येत नाही. हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. अंगात ताकद नसताना गाभण राहणे तिला परवडणारे नसते, म्हणून निसर्गच ते काम थांबवतो. हिरवा चारा आणि पेंड पोटात जाऊन अंग भरले, की ती पुन्हा माजावर येते. बाईच्या देहाचा कायदाही हाच आहे. झटपट बारीक होण्याच्या नादात मात्र आपण तो विसरतो.

अशा झटपट उपायांपैकी एक आहे 'एचसीजी' नावाच्या हॉर्मोनचे इंजेक्शन. त्याचा धागा आपल्या मुलखाशीही जुळतो. ते सुचवणारे डॉ. सिमिअन्स १९३१ ते १९४९ या काळात भारतात होते. कोल्हापूरजवळ त्यांनी कुष्ठरोग्यांची वसाहत उभारली, मुंबईत वैद्यकी केली. पुढे रोमला गेल्यावर १९५४ साली त्यांनी आपला उपचार जाहीर केला. रोज थोडे एचसीजी टोचायचे आणि दिवसभरात फक्त ५०० कॅलरींचे अन्न घ्यायचे.

५०० कॅलरी म्हणजे किती? ज्वारीच्या दोन मध्यम भाकरी आणि वाटीभर वरण, की संपला दिवसाचा शिधा! मध्यम कष्ट करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे २१३० कॅलरी लागतात, असे आपल्याकडील पोषणशास्त्रज्ञ सांगतात. एवढी उपासमार केल्यावर वजन उतरणारच. त्यात इंजेक्शनचे कर्तृत्व कोणते? १९९५ साली २४ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. एचसीजीने वजन उतरते किंवा भूक मरते, असा पुरावा सापडला नाही. अमेरिकेत तर हे औषध वजन उतरवण्यास उपयोगी ठरलेले नाही, असे त्याच्या वेष्टनासोबतच छापावे लागते.

आता पाळीचे काय होते ते पाहू. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी अंडाशयाला ठरावीक वेळी इशारे देते, तेव्हा स्त्रीबीज पिकते आणि सुटते. पोटात पुरेसे अन्न नसले, की मेंदू हे इशारे मंद करतो. बीज सुटत नाही आणि पाळी लांबते किंवा बंद होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे हॉलंडमध्ये उपासमार झाली, तेव्हा सुमारे निम्म्या बायकांची पाळी थांबली होती.

इंजेक्शन त्यात आणखी गोंधळ घालते. एचसीजी हे मुळात गरोदरपणाचे हॉर्मोन. गर्भ रुजला की वारेच्या पेशी ते तयार करतात आणि 'आता पाळी नको' असा निरोप अंडाशयाला पोचवतात. तोच निरोप सुईतून गेला, तर पाळी पुढे जाऊ शकते. लघवीची तपासणीही एचसीजीच शोधते. त्यामुळे दिवस गेलेले नसतानाही ती 'गेले' असे दाखवू शकते. घरात केवढा घोळ होईल, याचा विचार करा!

पाळी थांबली म्हणजे कटकट मिटली, असे काही मुलींना वाटते. तसे नाही. उपासमारीने पाळी बंद पडते तेव्हा इस्ट्रोजेन कमी होते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. ऐन तारुण्यात हाडांत साठायची ती पुंजी साठत नाही. शिवाय वजन फार भराभर उतरले, तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका असतो.

याचा अर्थ वजन उतरवूच नये असा नाही. लठ्ठपणामुळे पाळी अनियमित झालेल्या कित्येक बायकांचे वजन पाच-दहा टक्के जरी कमी झाले, तरी पाळी सुधारते. मात्र ते सावकाश व्हावे. चहातली साखर, तळलेले पदार्थ आणि फरसाण कमी करावे. डाळ, उसळ, पालेभाजी आणि ताक सोडू नये.

तीन महिने पाळी आली नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दाखवावे. कारण गरोदरपण असेल, थायरॉईड असेल किंवा उपासमारही असेल. वजनासाठी काही टोचून घेतले असेल, तर डॉक्टरांना न लाजता सांगावे. खंगलेल्या गाईला आपण आधी चारा घालतो. घरच्या लेकीसुनेच्या बाबतीतही तेवढी समज दाखवू या.