अधांतरी धरलेलं चर्च

रशियात, कारेलियातल्या ओनेगा सरोवरात किझी नावाचं बेट आहे. तिथलं १७१४ सालचं लाकडी चर्च ३७ मीटर उंच, वर २२ घुमट. ‘एकही खिळा न वापरता बांधलेलं’ असं त्याचं कौतुक सर्रास ऐकू येतं; ते अर्धंच खरं. भिंतींचे पाइनचे ओंडके कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकांत बसवलेत, पण घुमटांवरची अ‍ॅस्पेनची लाकडी कौलं खिळ्यांनीच ठोकलेली आहेत. ऊनपावसात ती रुपेरी पडतात, म्हणून लांबून पत्र्याचा भास होतो.

लाकडाचे शत्रू नेहमीचेच: ओल, बुरशी, कीड. ओंडके कुजले, भिंती कलल्या. १९८०च्या दशकात आत पोलादी सांगाडा उभारून डोलारा कसाबसा सावरला. खरी करामत त्यापुढची. वरचा भाग त्या सांगाड्याच्या आधारानं जॅकनी उचलून धरायचा, खालचा थर उतरवून कार्यशाळेत न्यायचा, ओंडक्याचा कुजका तेवढाच भाग काढून तिथे नवं पाइन सांधायचं आणि ओंडका पुन्हा जागच्या जागी. कुजकं दिसलं की अख्खा ओंडकाच बदलणं सोपं गेलं असतं, पण मग ते जुनं चर्च कसलं? असे सात टप्पे झाले, खालून वर. २०२०मध्ये काम पुरं झालं.