दगडाची झीज

विवाहसंस्कारांत वधूस शिळेवर पाऊल ठेवावयास लावतात. तिनेंहि शिळेप्रमाणें स्थिर राहावें, हा त्या अश्मारोहणाचा आशय. पण शिळा तरी खरोखर अचल आहे काय? गेल्या आश्विनांत तलासरी तालुक्यांतील अच्छाड येथें कांहीं दिवस राहण्याचा योग आला, तेव्हां हा प्रश्न आमच्या मनांत उभा राहिला.

मुरुमासाठीं खणलेल्या एका टेकाडाच्या कडेस काळ्या दगडाचे वाटोळे गोटे पिवळसर मातींत रुतलेले दिसले. एकावर काठी टेकतांच त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटले. सोबतचे गृहस्थ म्हणाले, "हें भूकंपाचें काम." २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागास वारंवार धक्के बसले, तेव्हां अशी शंका येणें स्वाभाविकच. परंतु हा कारागीर त्याहून जुना व शांत आहे. तो म्हणजे पाणी.

हा दगड बेसाल्ट जातीचा. सुमारें ६ कोटि ६० लाख वर्षांपूर्वीं लाव्हारस थिजून झालेला. थिजतांना तो आकसला व त्यास भेगा पडल्या. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कर्बवायु घेऊन किंचित् आम्ल होतें आणि त्या भेगांत शिरतें. मग दगडांतील लोह गंजून पिवळा-तांबूस रंग येतो, व फेल्स्पार नांवाच्या खनिजाची चिकणमाती होते. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाण्याचा मारा एका दिशेनें, कोपऱ्यावर मात्र तीन दिशांनीं. म्हणून कोपरे आधीं झिजतात व चौकोनी ठोकळ्याचा वाटोळा गोटा बनतो. उन्हाचा ताप व झाडांचीं मुळें यांचें साहाय्य असतेंच. आधीं पापुद्रा, मग मुरूम, शेवटीं माती, असा हा क्रम आहे.

ही झीज उपकारकच होय. आपल्या पानांतला भात याच झिजलेल्या दगडावर पिकतो. पण शेजारच्या उतारावर जें पाहिलें, त्यानें मन विषण्ण झालें. तेथील झाडी तुटलेली होती. एका वृद्ध वारली शेतकऱ्यानें आपल्या नागलीच्या शेतांत उघडा पडलेला खडक दाखविला. त्याच्या बापाच्या वेळीं तेथें हातभर माती होती म्हणे. बोटभर माती तयार होण्यास शेंकडों वर्षें लागतात. उघड्या उतारावरून ती थोड्याच पावसाळ्यांत वाहून जाते. त्या वृद्धानें आतां सुटे गोटे वेंचून उताराला आडवे बांध रचण्यास आरंभ केला आहे.

वाचकांपैकीं ज्यांची कोंकणांत उताराची जमीन असेल, त्यांनीं येत्या मृगापूर्वीं एवढें अवश्य करावें: झाडी राखावी व बांध घालावे.